ताटाचा पालट : स्थूलतेवरील शस्त्रक्रियेनंतरच्या आहाराचा इतिहास

शल्यचिकित्सेचा इतिहास लिहिताना छेद आणि टाके यांचे वर्णन विस्ताराने करावयाचे आणि रुग्ण घरी परतल्यावर त्याचे काय झाले हे दोन ओळींत उरकावयाचे, अशी प्रथा आहे. पुष्कळ शस्त्रक्रियांच्या बाबतीत तीमुळे फारसे बिघडत नाही. अपेंडिक्स काढून टाकलेला मनुष्य थोड्याच दिवसांत पूर्वीसारखा जेवू लागतो आणि तेथे त्याची हकीकत संपते. अतिस्थूलतेवरील शस्त्रक्रियांची गोष्ट निराळी आहे. तेथे शस्त्राचे काम काही तासांत आटोपते; परंतु बदललेले जेवण रुग्णाला जन्मभर जेवावे लागते. या शस्त्रक्रियांचा १९५४ पासूनचा इतिहास या बाजूने वाचला, तर एक गोष्ट ठळकपणे नजरेस येते. रुग्णाचे ताट पूर्वीसारखेच राहील असे आश्वासन देणारी शस्त्रक्रिया लयास गेली, आणि ताट बदलावयास लावणाऱ्या टिकून राहिल्या.

जठर कापलेल्या मनुष्याने कसे जेवावे, हा प्रश्न मात्र १९५४ पेक्षा पुष्कळ जुना आहे. व्हिएन्ना येथे थिओडोर बिलरोट याने १८८१ च्या जानेवारीत कर्करोगग्रस्त जठराचा भाग काढून टाकण्यात प्रथम यश मिळविले. पुढे १८९७ च्या सप्टेंबरमध्ये झुरिच येथे कार्ल श्लाटर याने एका ५६ वर्षांच्या स्त्रीचे संपूर्ण जठर काढले आणि अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडली. ती स्त्री वर्षाहून अधिक काळ जगली, आणि थोडे थोडे पण वारंवार खाऊन तिचे वजनही काही काळ वाढले. जठरावाचून माणूस जगू शकतो हा या घटनेतील नवलाचा भाग वैद्यकीय जगात गाजला; तो कसा जेवतो हा उपयोगाचा भाग त्या मानाने मागे पडला.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जठरव्रणावर अंशतः जठरछेदनाचा उपाय सर्रास होऊ लागला, तेव्हा या मागे पडलेल्या भागाकडे लक्ष देणे भाग झाले. जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत छातीत धडधड, घाम, घेरी, पोटात कळ आणि जुलाब अशी तक्रार हे रुग्ण करीत. जठराचे दार गेले की अन्न, विशेषतः गोड आणि पातळ अन्न, लहान आतड्यात एकदम ओतले जाते, तेथे शरीरातील पाणी ओढून घेते, आणि त्यातून हा प्रकार उद्भवतो. लंडनच्या आर्थर हर्ट्झ याने १९१३ मध्ये या शीघ्र निचऱ्याचे वर्णन केले, आणि १९२० नंतर त्यास ‘डंपिंग’ हे नाव रूढ झाले. कित्येकांना दोन-तीन तासांनी रक्तातील साखर उतरून पुन्हा अशक्तपणा येई. यावरचा इलाज औषधात नव्हता, जेवणाच्या रीतीत होता : गोड वर्ज्य करावे, घास लहान घ्यावा, जेवताना पाणी पिऊ नये, आणि दिवसातून दोनदा पोटभर जेवण्याऐवजी पाच-सहा वेळा थोडे खावे. आज स्थूलतेवरील शस्त्रक्रियेनंतर रुग्णाच्या हाती जो आहारविधीचा कागद दिला जातो, त्यातील मुख्य कलमे अशी जठरव्रणाच्या रुग्णांच्या हालांतून आलेली आहेत.

पहिल्या पिढीच्या शल्यविशारदांना ही शिदोरी उपलब्ध असूनही त्यांनी ती उघडली नाही. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात क्रेमेन, लिनर आणि नेल्सन यांनी १९५४ मध्ये लहान आतड्याचा बराच भाग वगळण्याची कल्पना मांडली. नंतर कॅलिफोर्नियात पेन आणि डीविंड यांनी तिला जे रूप दिले, त्यात अन्नाच्या वाटेवर सुमारे १८ इंच लहान आतडे तेवढे उरे. जठराला हात लागत नसे. या पद्धतीचे आकर्षण उघड होते. रुग्णाने हवे ते, हवे तितके खावे. अन्न अंगी लागणार नाही, म्हणजे वजन आपोआप उतरेल. वजन उतरलेही. परंतु अन्नाबरोबर क्षार, प्रथिने आणि जीवनसत्त्वेही वाहून जाऊ लागली. सततचे जुलाब, मूतखडे, सांध्यांची सूज आणि सर्वांत भयंकर म्हणजे यकृताचा ऱ्हास, असे परिणाम कित्येक वर्षांनीही दिसू लागले. अनेकांचे आतडे पुन्हा पूर्ववत् जोडावे लागले, काही दगावले, आणि १९८० च्या सुमारास ही शस्त्रक्रिया जवळजवळ सोडून देण्यात आली. ज्यांचे आतडे जोडून पूर्ववत् केले, त्यांचे वजनही बहुधा पूर्वपदावर गेले. जेवणाची सवय जिथल्या तिथेच राहिली होती, हे यावरून कळते.

आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांचा मार्ग याहून वेगळा होता. जठरव्रणासाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांना वजन वाढविणे जड जाते, हे जुने निरीक्षण त्यांनी उलट बाजूने उपयोगात आणले. चिकाशी इटो यांच्यासह त्यांनी १९६६ मध्ये जठराच्या वरच्या भागाची लहान पिशवी करून ती लहान आतड्यास जोडण्यास आरंभ केला. अनुभवाने ही पिशवी लहान लहान होत गेली; आज ती सुमारे ३० मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे भरतील एवढी करतात. ज्या डंपिंगला व्रणाचे शल्यविशारद दोष मानीत, तोच येथे पहारेकरी झाला. लाडू खाल्ल्याचा दंड पंधरा मिनिटांत मिळू लागल्यास लाडवाविषयीची ओढ ओसरते, एवढे साधे गणित त्यात होते. मात्र हा पहारेकरी सर्वांच्या दारी उभा राहत नाही, आणि कित्येकांच्या बाबतीत तो काही काळाने निघूनही जातो.

याच मेसन यांनी १९८० मध्ये आतड्याला न छेडता केवळ जठर अरुंद करणारी पद्धत सुचविली. ती करावयास सोपी व पोषणाच्या दृष्टीने निर्धोक होती. तिच्या वाट्याला आलेला अनुभव या विषयातील सर्वांत उद्बोधक म्हणावा लागेल. अरुंद वाटेतून पोळी, भात, मांस ही उतरेनात, उलट्या होत. आइस्क्रीम, दाट गोड दूध आणि चॉकलेट मात्र सुखाने उतरत. तेव्हा रुग्ण नकळत या पदार्थांकडे वळले आणि वजन पुन्हा चढले. व्हर्जिनियातील हार्वे शुगरमन यांनी १९८७ मध्ये ४० रुग्णांवरील तुलनात्मक प्रयोगात दाखवून दिले की, गोड खाण्याची सवय असलेल्यांच्या बाबतीत ही पद्धत मेसन यांच्या मूळ पद्धतीपुढे स्पष्टपणे उणी पडते. अशा रुग्णांना त्या काळी हावरट ठरविण्यात आले, ते अन्यायाचे होते. जे गिळता येते ते मनुष्य खातो. दोष वाटेचा होता.

भुकेचे रहस्य काही अंशी उलगडले ते २००२ मध्ये. सिअ‍ॅटल येथील डेव्हिड कमिंग्ज व त्यांचे सहकारी यांना असे आढळले की, जठराची पिशवी करून ती आतड्यास जोडलेल्या रुग्णांत घ्रेलिन हे भूक चाळविणारे संप्रेरक अतिशय कमी झालेले असते, तर केवळ आहार आवरून वजन घटविणाऱ्यांत ते वाढते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यांत भूकच लागत नाही, घड्याळ पाहून खावे लागते, असे रुग्ण सांगत, त्यास यामुळे आधार मिळाला. नंतरच्या संशोधनाने घ्रेलिनविषयीचे हे चित्र इतके सरळ ठेवलेले नाही. भूक बहुधा परतते. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या पाहणीत या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या एक-दोन वर्षांत सुमारे ३२ टक्के घटलेले वजन दहाव्या वर्षी २५ टक्के घटीवर आलेले दिसले. त्याच पाहणीने २००७ मध्ये शस्त्रक्रिया झालेल्यांतील मृत्युमान कमी असल्याचेही दाखविले. तेव्हा अंशतः परतलेले वजन म्हणजे अपयश, असे मानण्याचे कारण नाही.

आजचा रुग्ण प्रथम पेज-सारासारखे पातळ, मग वाटलेले, मग मऊ अन्न घेत काही आठवड्यांनी नेहमीच्या अन्नावर येतो. घोट घेणे आणि घास घेणे यांत अर्ध्या तासाचे अंतर ठेवावयाचे असते. दिवसाकाठी निदान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जावीत म्हणून ताटात प्रथम त्यांना मान द्यावा लागतो, आणि लोह, कॅल्शियम व जीवनसत्त्वांच्या गोळ्या आमरण चालू ठेवाव्या लागतात. उलट्या लांबल्या तर थायामिन या जीवनसत्त्वाच्या अभावाने काही आठवड्यांतच मेंदूस इजा होऊ शकते. मद्य रक्तात वेगाने चढते. अमेरिकेतील २०१२ च्या एका अभ्यासात दुसऱ्या वर्षी मद्याच्या व्यसनाचे प्रमाण ७.६ टक्क्यांवरून ९.६ टक्क्यांवर गेल्याचे आढळले.

या नियमांचा खरा जाच पोटापेक्षा पंगतीत अधिक होतो. आग्रह करून वाढणे हे जेथे अगत्य आणि पानात टाकणे हा जेथे अन्नाचा अपमान, तेथे चार घासांवर हात आखडणाऱ्याला रोज कोणाला ना कोणाला तरी उत्तर द्यावे लागते. घरात स्वयंपाक जिच्या हाती, तिचे सहकार्य नसेल तर आहारविधीचा कागद कागदच राहतो. आणि रुग्ण तीच असेल, तर इतरांसाठी चारी ठाव स्वयंपाक रांधून स्वतः वाटीभर वरण खाण्याची पाळी तिच्यावर येते. पाश्चात्त्य ग्रंथांत या अडचणीचे उत्तर सापडणे कठीण, कारण तेथे प्रत्येकाचे पान पुष्कळदा ज्याचे तो वाढून घेतो.

आंतरराष्ट्रीय शल्यसंघटनांनी २०२२ मध्ये शस्त्रक्रियेसाठीची शरीरवस्तुमान निर्देशांकाची मर्यादा खाली आणताना आशियाई लोकांसाठी ती २७.५ इतकी सुचविली, आणि त्यामुळे येथील पुष्कळ मोठा वर्ग तिच्या कक्षेत आला. त्याच वर्गात शाकाहारींचा भरणा मोठा आहे. ब-१२ हे जीवनसत्त्व प्राणिज अन्नातूनच मिळते आणि ते शोषले जाण्यास जठरात स्रवणाऱ्या एका द्रव्याची आवश्यकता असते; शस्त्रक्रियेने हा आधार दुबळा होतो. पुण्यात चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या पाहण्यांत शस्त्रक्रियेशी काहीही संबंध नसलेल्या सामान्य लोकांतच या जीवनसत्त्वाची कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळली होती. त्यामुळे येथील रुग्णाच्या ब-१२ ची तपासणी शस्त्रक्रियेनंतर पहिल्या वर्षी नव्हे, तर तिच्या आधीच करून घ्यावी लागते.