नऊ फुटी पेटारा आणि पेन्सिल सेलवरचा खर्ज

रोलंड कंपनीचा मायक्रो क्यूब बास आरएक्स एका हातात सहज उचलता येतो. आत चार-चार इंचांचे चार स्पीकर, सहा पेन्सिल सेल, आणि ताकद सगळी मिळून पाच वॉट. बासची सर्वांत खालची तार, म्हणजे ई, सेकंदाला सुमारे ४१ आंदोलनं करते. चार इंची स्पीकरला इतक्या खालचा स्वर धडपणे देता येत नाही. त्याचा पडदा तेवढी हवा ढकलूच शकत नाही. तरीही रस्त्याकडेला अकूस्टिक बास घेऊन बसलेला वादक ती तार छेडतो आणि समोरच्याला खालचा ई ऐकू येतो. तोच स्वर, त्याच सप्तकात. खोक्यातून जो जवळजवळ बाहेर पडलेलाच नाही, तो स्वर कानाशी पोचलेला असतो.

या खोक्याची वंशावळ गिटारच्या इतिहासात शोधण्याची पद्धत आहे. तिथे ती थोडीफार सापडतेही. पण खरी मुळं पाहायची तर १७८९ सालच्या अ‍ॅमस्टरडॅममध्ये जावं लागतं, आणि तिथे भेट होते ती एका पाद्र्याशी.

त्याचं नाव गेओर्ग योझेफ व्होग्लर. जन्म १७४९, वुर्झबर्ग. वेबर आणि मायरबेअर या दोघांचा गुरू, युरोपभर फिरणारा ऑर्गनवादक आणि स्वतःची जाहिरात करण्यात पटाईत. मोझार्टला तो अजिबात आवडत नसे. मॅनहाइमहून लिहिलेल्या पत्रांतून त्याने व्होग्लरची यथेच्छ टवाळी केली आहे. इंग्रजी कवी रॉबर्ट ब्राउनिंगने मात्र पुढे १८६४ मध्ये त्याच्यावर एक दीर्घ कविता लिहिली. या व्होग्लरने ‘ऑर्केस्ट्रिऑन’ नावाचा प्रवासी ऑर्गन बनवून घेतला. चार स्वरपट्ट्या, पायांनी वाजवायच्या ३६ पट्ट्या, आणि हे सगळं लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी नऊ फूट अशा घनाकृती पेटाऱ्यात कोंबलेलं. अ‍ॅमस्टरडॅमला तो लोकांपुढे वाजवून त्याने पुढच्या वर्षी लंडनही गाठलं.

नऊ फुटांत ऑर्गन मावतो कसा? ऑर्गनमधल्या खर्जाच्या नळीचा हिशेब निर्दय असतो. सेकंदाला सुमारे १६ आंदोलनांचा स्वर हवा तर ३२ फुटांची उघडी नळी लागते, म्हणजे तीन मजली घराएवढी. व्होग्लरने ती नळी लावलीच नाही. त्याऐवजी त्याने १६ फुटी मापाचा स्वर, त्याच्यासोबत १० २⁄३ फुटी आणि ६ २⁄५ फुटी मापांचे स्वर एकत्र वाजवायला सांगितले. हे आकडे विचित्र वाटतात, पण मराठी श्रोत्याला ते लगेच ओळखीचे होतील: न लावलेल्या त्या खर्जाच्या मालिकेतले हे षड्ज, पंचम आणि गंधार. तानपुऱ्यातला स्वयंभू गंधार निदान तारेत असतो, फक्त कोणी तो वेगळा छेडत नाही. व्होग्लरचा खर्ज कुठल्याच नळीत नव्हता. षड्ज, पंचम, गंधार एकत्र आले की कान त्यांच्याखालचा मूलस्वर स्वतःच भरून काढी.

व्होग्लरच्या पेटाऱ्याचं आणखी एक देणं आहे. सेंट पीटर्सबर्गच्या किर्शनिकच्या कारखान्यात मोकळी पत्ती लावलेल्या नळ्या होत्या. किर्शनिकचा शिष्य रॅकविट्झ याच्याकडून व्होग्लरने तशा पत्त्या आपल्या ऑर्केस्ट्रिऑनमध्ये बसवून घेतल्या आणि गावोगाव वाजवल्या. युरोपात मोकळ्या पत्तीचा जो बोलबाला झाला, त्यात या फिरतीचा मोठा वाटा आहे. पॅरिसच्या देबँने १८४२ मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं आणि तीच पत्ती पुढे आपल्या पेटीत आली. म्हणजे भजनातली पेटी आणि रस्त्यावरचा बॅटरीचा बास हे एकाच पाद्र्याकडून निघालेले चुलत भाऊ ठरतात, असं म्हणायला हरकत नाही. निदान या लेखापुरती तरी नाही.

आता वाद. नसलेला खर्ज कानाकडून भरून घेण्याची ही युक्ती व्होग्लरची नव्हेच, ती जुझेप्पे तार्तिनीची, असं संगीताचे इतिहासकार म्हणतात. दोन स्वर व्हायोलिनवर जोरात आणि शुद्ध वाजवले की खाली तिसरा स्वर ऐकू येतो, हे आपल्याला १७१४ मध्ये आंकोनाला कळलं, असा तार्तिनीचा दावा होता. पण त्याचा ग्रंथ छापला गेला १७५४ मध्ये. त्याआधीच, १७४५ च्या सुमारास, गेओर्ग आंद्रेआस झोर्ग या जर्मन ऑर्गनवादकाने तीच गोष्ट छापून टाकली होती. श्रेय कोणाचं, यावर शाई खूप खर्च झाली आहे. बासवाल्यांच्या दृष्टीने मात्र हा वाद चुकीच्या दारावर चालला आहे. तार्तिनीचा तिसरा स्वर दोन मोठ्या आवाजांच्या फरकातून कानाच्या आत खरोखर तयार होतो आणि त्याला आवाज मोठा लागतो. पाच वॉटच्या खोक्यात एवढा जोर कुठला? तिथे घडतं ते दुसरंच काहीतरी, आणि ते ओळखलं ते ड्रेस्डेनच्या आउगुस्ट झेबेकने.

१८४१ मध्ये झेबेक भोकं पाडलेली चकती फिरवून तिच्यावर हवेचे झोत मारत असे. भोकांच्या मांडणीत थोडा फेरफार करून त्याने मूलस्वर अगदी क्षीण केला, तरी ऐकणाऱ्याला मूलस्वराचीच उंची जाणवत राहिली. त्यावर १८४३ मध्ये तुटून पडला गेओर्ग सायमन ओम. हो, विजेच्या नियमाचा तोच ओम. त्याचं म्हणणं, कानाला जो स्वर हवेत आहे तोच ऐकू येतो, बाकीचा भास. पुढे हेल्महोल्ट्झने १८६३ च्या आपल्या ग्रंथात ओमचा पक्ष उचलला आणि झेबेक अडगळीत गेला. गंमत अशी की ज्या बॅटरीवर हे खोकं चालतं तिचा हिशेब ओमच्या नियमाने करायचा आणि ज्या आवाजासाठी ते विकत घ्यायचं तो ओमच्या मते अस्तित्वातच नाही.

झेबेकला न्याय मिळायला जवळजवळ शंभर वर्षं गेली. आइंटहोव्हेनला फिलिप्सच्या प्रयोगशाळेत यान स्खाउटेनने १९४० च्या सुमारास मूलस्वर मुद्दाम कापून टाकला आणि फरकाचा स्वरही रद्द केला, तरी उंची तीच राहिली. १९५४ मध्ये लिकलायडर नावाच्या संशोधकाने त्याहून पुढची चाल केली. खालच्या पट्ट्यात मुद्दाम घरघर सोडून त्याने तो भाग पूर्ण बुजवला आणि वरचे उपस्वर तेवढे मोकळे ठेवले. खर्ज तरीही ऐकू आला. हा प्रयोग वाचताना वाहतुकीच्या रस्त्याकडेला बसलेल्या बासवाल्याची आठवण न होणं कठीण. ट्रक आणि बसची घरघर नेमकी खालच्या पट्ट्यात असते. म्हणजे तिथे ४१ आंदोलनांचा खरा स्वर जीव तोडून काढला तरी तो त्या घरघरीत बुडतो, आणि ८२, १२३, १६४ चे उपस्वर मात्र वरून निघून जातात.

या वंशावळीला प्रतिस्पर्धी आहेत. सर्वांत दमदार दावा अ‍ॅम्पेगचा. न्यू यॉर्कचा बासवादक एव्हरेट हल याने १९४६ मध्ये उभ्या बासच्या पायातल्या खुंटीवर आतून मायक्रोफोन बसवला आणि त्या ‘अ‍ॅम्प्लिफाइड पेग’ वरून कंपनीचं नाव पडलं. जेस ऑलिव्हरने १९६० मध्ये आखलेला त्यांचा पोर्टाफ्लेक्स बी-१५ घरोघरी आणि स्टुडिओतून पोचला. पण त्यात १५ इंची स्पीकर होता आणि हेतू उलटा होता: मूलस्वर जसा आहे तसा, मोठा आणि स्वच्छ. भिंतीतल्या प्लगला जोडलेल्या वाद्यवृंदाचा तो पूर्वज खरा, रस्त्यावरच्या खोक्याचा नव्हे. शिकागोच्या मॅक्सवेल स्ट्रीटवर ब्लूज वाजवणाऱ्यांनी १९४० च्या दशकातच घरमालकांना पैसे देऊन खिडक्यांतून वायरी ओढल्या होत्या, तीही वाट निराळी.

दुसरा दावा पिगनोजचा. १९७३ मध्ये बाजारात आलेला, सहा पेन्सिल सेलवर चालणारा हा पाच वॉटचा छोटा अ‍ॅम्प. त्याचा एक जनक रिचर्ड एडलंड पुढे ‘स्टार वॉर्स’च्या दृश्यकरामतीसाठी ऑस्कर घेऊन गेला, ही माहिती इतकी चविष्ट आहे की तिच्याभोवती वेगळा लेख होईल. बॅटरीची परंपरा इथून सुरू झाली हे मान्य. पण पिगनोज गिटारचा. त्याच्यात बास लावला की तो घशातून बोलतो.

तिसरा दावा मेक्सिकोचा, आणि हाच खरा तोलामोलाचा. मारियाची वाद्यवृंदात खर्जाचं काम वीणेसारख्या मोठ्या हार्पकडे असे. चालत फिरणाऱ्या वादकांना ते जड जाई, म्हणून ते काम गिटारॉन या खर्जाच्या मोठ्या गिटारकडे आलं. गिटारॉनवर एकेक तार क्वचितच छेडतात. दोन तारा एकदम ओढतात, एक सप्तक अंतराने. म्हणजे ५५ आंदोलनांचा स्वर मैदानात विरला तरी ११० चा त्याला सावरून धरतो. मोकळ्या हवेसाठीची ही तोड व्होग्लरकडून आलेली नाही. मेक्सिकोने ती स्वतः शोधली. १९७२ मध्ये एर्नी बॉलने तिहुआनातून एक गिटारॉन आणला आणि त्यावर विचार करता करता ‘अर्थवूड’ हा अकूस्टिक बास काढला. मिलवॉकीच्या व्हायोलंट फेम्सचा ब्रायन रिची हाच बास घेऊन रस्त्यावर वाजवी. ऑगस्ट १९८१ मध्ये ओरिएंटल थिएटरबाहेर प्रिटेंडर्सच्या जेम्स हनीमन-स्कॉटने त्यांना ऐकलं आणि त्याच रात्री ते आत, मंचावर होते.

मग रोलंडचं खोकं व्होग्लरचं वंशज कशावरून? ‘क्यूब’ हे नाव रोलंडने १९७८ पासून आपल्या अ‍ॅम्प्लिफायरना लावलं. त्यात आणि नऊ फुटी घनात निव्वळ योगायोग आहे. नातं नावात नाही, माणसात आहे. रोलंडचा संस्थापक इकुतारो काकेहाशी हा मुळात ऑर्गनवेडा. १९६० मध्ये काढलेल्या एस कंपनीत त्याने ऑर्गन बनवले, १९६८ मध्ये हॅमंडशी भागीदारी केली आणि १९७२ मध्ये ओसाकाला रोलंड सुरू केली. १९३५ पासूनच्या हॅमंड ऑर्गनमध्ये एकही नळी नाही, तरी त्याच्या दांड्यांवर माप फुटांतच लिहिलेलं असतं; आणि १६ फुटी दांडीला लागूनच ५ १⁄३ फुटी, म्हणजे तिच्या तिसऱ्या उपस्वराची, पंचमाची दांडी. षड्जाला पंचम जोडून आवाज खाली भरदार करायचा हा नळ्यांच्या जमान्यातला संस्कार तिथे शाबूत आहे. त्या दांड्या ओढत वाढलेल्या माणसाच्या कंपनीने चार इंची स्पीकरवर बास वाजवावा, यात नवल नाही. ही साखळी कागदोपत्री कोणी जोडून दिलेली नाही. पण अशा संस्कारांची नोंद कागदावर होत नसते.

आक्षेप एकच उरतो, आणि तो व्होग्लरच्याच कारकिर्दीतून येतो. १८०० च्या सुमारास त्याने बर्लिनच्या मारीएनकिर्शेमधल्या ऑर्गनच्या अर्ध्याहून अधिक नळ्या काढून टाकल्या. कालांतराने लोक कंटाळले आणि तो ऑर्गन पुन्हा भरून काढावा लागला. कानाची समजूत घालता येते, छातीची नाही. खरा खर्ज अंगाला जाणवतो. कान भरून काढतो तो खर्ज फक्त कानाला कळतो.

म्हणूनच बाहेर वाजवण्यासाठी खोकं निवडताना ‘४० हर्ट्झपासून’ अशी जाहिरात वाचून भुलण्यात अर्थ नाही. ऐकू येण्याचा उंबरठा १००० हर्ट्झला साधारण दोन डेसिबलवर असतो, ४० हर्ट्झला पन्नासच्या वर. एक सप्तक खाली उतरून तेवढाच आवाज काढायचा तर पडद्याला चौपट हलावं लागतं, आणि बॅटरी त्यातच जाते. केएलएच कंपनीच्या अँटन हॉफमनचा, म्हणजे प्रसिद्ध पियानोवादक योझेफ हॉफमनच्या मुलाचा, नियम आहे: छोटं खोकं, खोल खर्ज आणि कमी वीज यांतली दोनच मिळतात. तेव्हा खालचे साठेक हर्ट्झ फिल्टरने काढून टाकावेत, १०० ते २५० हा पट्टा भरदार ठेवावा, आणि खोकं भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवावं. मोकळ्यात जो खर्ज मागे निसटतो तो पुढे वळतो. इलेक्ट्रॉनिक तानपुरा, जो जी. राजनारायण यांनी बंगळूरला १९७९ मध्ये घडवला, तोही याच जोरावर चालतो: काळी एकचा खर्ज ६९ आंदोलनांचा, स्पीकर तळहाताएवढा, आणि गायकाला खर्ज मिळतो.

अकूस्टिक बासमध्ये पिझो पिकअप असेल तर आणखी एक गोष्ट तपासावी. त्याला अ‍ॅम्पच्या आवकेचा रोध निदान दहा लाख ओहम लागतो; कमी पडला तर खर्ज स्पीकरच्या आधी वाटेतच गळतो. पाच तारांच्या बासचा खालचा बी मात्र ३१ आंदोलनांचा. त्याचा दुसरा उपस्वर ६२ चा, तोही चार इंची स्पीकरला जड, म्हणून सगळी भिस्त ९३ आणि १२४ वर येते आणि आवाज पातळ होतो. अशा वेळी आठ इंची स्पीकरचं खोकं घ्यावं. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी ८४ वॉट-तास देते, पण तिचं वजन दोन किलोच्या वर जातं. तेवढीच ऊर्जा लिथियममध्ये त्याच्या बऱ्याच कमी वजनात मिळते, फक्त पैसे जास्त मोजावे लागतात.