समुद्राकाठचा द्राक्षमळा

भूगोलाच्या तासाला दक्षिण अमेरिकेचा नकाशा फळ्यावर टांगला, की मुलांची नजर हमखास एका देशावर अडते. खंडाच्या पश्चिम कडेला चिकटलेली, वरपासून खालपर्यंत लोंबणारी ती चिंधी पाहून एखादे धिटुकले पोर विचारतेच, "गुरुजी, हा देश आहे, की नकाशा फाटलाय?" तो देश म्हणजे चिली. लांबी सुमारे ४३०० किलोमीटर आणि रुंदी सरासरी अवघी १८०. एका अंगाला अँडीजचा पहाड, दुसऱ्या अंगाला प्रशांत महासागर. डोंगर आणि दर्या यांच्या बेचक्यात बसलेल्या आपल्या कोकणपट्टीच्या माणसाला हा देश नकाशात तरी परका वाटू नये.

या पट्टीच्या साधारण मध्यावर दोन गावे समुद्राला लागून शेजारी शेजारी वसली आहेत. पहिले वाल्पाराइसो. हे जुने बंदर. किनाऱ्यावर सपाट जागा बेताची, म्हणून गाव टेकड्यांवर चढत गेले. उतारावर पत्र्याची रंगीबेरंगी घरे एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उभी आहेत. वर जायला रुळांवरून दोराने ओढले जाणारे डबे आहेत; त्यांतला पहिला १८८३ साली सुरू झाला. १९१४ साली पनामाचा कालवा खुला झाला आणि दक्षिणेला वळसा घालून येणाऱ्या जहाजांची वर्दळ आटली. बंदराचे वैभव ओसरले, टेकड्यांवरची गरिबी तेवढी राहिली. दुसरे गाव विन्या देल मार. नावाचा अर्थ समुद्राकाठचा द्राक्षमळा. सधन लोकांनी हवा खायला यावे, बागांतून हिंडावे, रात्री जुगारगृहात चार पैसे उडवावेत, असे हे गाव. १९६० पासून येथे गाण्यांचा मोठा महोत्सव भरतो आणि त्याचा डंका सगळ्या खंडात वाजतो.

पण आज सांगायची आहे ती गोष्ट त्या डंक्याची नव्हे. याच गावात एका डॉक्टरने सिनेमांचा एक लहानसा मेळा भरवला. त्या मेळ्याने एका खंडातल्या शेजाऱ्यांची एकमेकांशी ओळख करून दिली, आणि त्या ओळखीची किंमतही त्यांच्यापैकी अनेकांना मोजावी लागली.

त्या डॉक्टरांचे नाव आल्दो फ्रान्सिया. जन्म १९२३, वाल्पाराइसोचा. घराणे मूळचे इटलीचे. व्यवसायाने लहान मुलांचे डॉक्टर. युरोपच्या प्रवासात त्यांनी व्हित्तोरिओ दे सिका यांचा 'बायसिकल थीव्हज' हा इटालियन चित्रपट पाहिला आणि त्यांना सिनेमाचे वेड लागले. एका गरीब माणसाची सायकल चोरीला जाते आणि तो आपल्या लहानग्या मुलाला घेऊन ती शोधत रोमभर वणवण फिरतो, एवढेच त्याचे कथानक. ना राजवाडा, ना तलवार. या साध्या चित्रपटाने जगात किती ठिकाणी ठिणगी टाकली, याची मोठी मौज वाटते. १९५२ च्या जानेवारीत मुंबईला आपल्या देशातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला. तेथे तो बिमल रॉय यांनी पाहिला आणि पुढच्याच वर्षी 'दो बिघा जमीन' पडद्यावर आला. मुंबईत जे एका कसलेल्या दिग्दर्शकाचे झाले, तेच तिकडे प्रशांत महासागराच्या काठी एका डॉक्टराचे झाले. फरक एवढाच, की डॉक्टरांजवळ ना स्टुडिओ होता, ना सावकार.

त्यांच्याजवळ होती ती हौस आणि चिकाटी. १९६२ साली त्यांनी विन्यामध्ये सिनेमाप्रेमींचे मंडळ काढले. पुढल्या वर्षी हौशी लोकांनी ८ आणि १६ मिलिमीटरच्या फितीवर काढलेल्या चित्रपटांचा महोत्सव भरवला. आपल्याकडे गणेशोत्सवात हौशी नाटके होतात ना, त्याच चालीचा हा प्रकार. वर्षामागून वर्ष तो भरत राहिला, आणि १९६७ च्या मार्च महिन्यात डॉक्टरांनी एक पाऊल पुढे टाकले. त्यांनी आजूबाजूच्या देशांतल्या चित्रपटकारांनाच बोलावणे धाडले.

यात विशेष ते काय, असे वाचकांना वाटेल. विशेष असे, की हे शेजारी एकमेकांना ओळखतच नव्हते. चित्रपटांची आणण्यानेण्याची सगळी वाट उत्तर अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांच्या हाती होती. हॉलिवुडचा नवा चित्रपट सान्तियागोत आणि ब्वेनोस आयरेसमध्ये बिनचूक यायचा. पण ब्राझीलमध्ये काढलेला चित्रपट शेजारच्या बोलिव्हियात पोहोचणे मुश्कील. भिंतीला भिंत लागून घर, आणि शेजाऱ्याची खबर मिळायची ती साता समुद्रांपलीकडून, अशी ही तऱ्हा. त्यातून चिलीने १९६४ पासून क्यूबाशी राजनैतिक संबंध तोडलेले. तरीही १९६७ च्या त्या मेळ्याला क्यूबाची माणसे आली. दिवसभर चित्रपट पाहावेत आणि मग बोलत बसावे. तेथे ज्याला त्याला एकच गोष्ट उमगली, की आपण एकटे नाही. उसन्या कॅमेऱ्यावर, उरल्यासुरल्या फितीवर, आपल्याच गल्लीतल्या माणसांची कथा सांगणारे वेडे दुसऱ्या देशांतही आहेत. 'नवा लॅटिन अमेरिकन सिनेमा' या नावाने पुढे जगभर ओळखली गेलेली चळवळ या छोट्या गावातल्या बैठकीत स्वतःला प्रथम नीट ओळखू लागली, असे इतिहासकार मानतात.

मेळ्याचे खरे पीक आले ते दोन वर्षांनी. १९६९ च्या ऑक्टोबरात विन्यामध्ये दुसरा मेळा भरला तेव्हा क्यूबाचा 'लुसिया' आला, बोलिव्हियाच्या हॉर्हे सान्हिनेसचा 'यावार माय्कू' आला. पण यजमान चिलीनेही या वेळी पाहुण्यांपुढे हात हलवीत उभे राहायचे नाही, असे ठरवलेले दिसते. राऊल रुइस, मिगेल लित्तीन, एल्विओ सोतो आणि स्वतः डॉक्टर फ्रान्सिया अशा चौघांचे चार पूर्ण लांबीचे चित्रपट तयार होते.

रुइसच्या चित्रपटाचे नाव 'त्रेस त्रिस्तेस तिग्रेस', म्हणजे तीन दुःखी वाघ. हा तिकडचा जिभेला पीळ घालणारा खेळ. आपल्याकडची पोरे 'कच्चा पापड, पक्का पापड' घोकतात तसा. चित्रपटात वाघ नाहीतच. सान्तियागोच्या खानावळी-दारूगुत्त्यांतून भटकणारी मध्यमवर्गीय माणसे आहेत. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या लोकार्नोच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च सन्मानात वाटा मिळाला. सोतोचा 'कालिचे सांग्रिएन्तो' १८७९ साली सुरू झालेल्या युद्धावर होता. उत्तरेकडच्या वाळवंटातल्या सोऱ्याच्या खाणींसाठी सैनिकांनी रक्त का सांडले, हा पाठ्यपुस्तकांना न आवडणारा प्रश्न त्याने विचारला.

लित्तीनचा 'नाउएल्तोरोचा कोल्हा' मात्र मला, मास्तर म्हणून, फार बोचतो. कथा खरी घडलेली. १९६० साली एका निरक्षर, बेघर शेतमजुराने दारूच्या नशेत एका विधवेला आणि तिच्या पाच मुलांना ठार केले. वर्तमानपत्रांनी त्याला 'कोल्हा' हे नाव दिले. तुरुंगात त्याला पहिल्याने पोटभर अन्न मिळाले, अंगावर धड कपडे आले. तेथे तो लिहायला वाचायला शिकला, चेंडू खेळायला शिकला, देवाचे नाव घ्यायला शिकला. एका जनावराचा माणूस झाला; आणि मग १९६३ साली, त्याच माणसाला, कायद्याप्रमाणे, गोळ्या घालण्यात आल्या. लित्तीनने कोर्टाची कागदपत्रे आणि बातम्या यांवरून पटकथा बेतली. गुन्ह्यावर त्याने पांघरूण घातलेले नाही. ती सहा प्रेते आपल्याला पाहावीच लागतात. पण ज्या समाजाने या पोराच्या हाती वेळेवर पाटी दिली नाही, त्यानेच ती अखेरीला दिली आणि लगेच त्याचे डोळे बांधले, हे पाहून मन सुन्न होते. शाळेची पायरी न चढलेली मुले आपल्याही गावोगावी दिसतात. त्यांच्याकडे पाहताना हा चित्रपट आठवला, तर तो उगीच नव्हे.

डॉक्टरांच्या चित्रपटाचे नाव 'वाल्पाराइसो, माझे प्रेम'. नाव ऐकून एखादे प्रेमगीत वाटावे. आहे ती टेकडीवरच्या एका घराची कहाणी, आणि तीही खऱ्या घटनेवरून घेतलेली. पोरांच्या पोटासाठी बाप गुरे चोरतो आणि तुरुंगात जातो. घरात उरतात चार मुले आणि बापाची गरोदर सोबतीण. एक मुलगा चोरांच्या नादी लागतो, मुलगी देहविक्रयाच्या वाटेला जाते, धाकटा छातीच्या दुखण्याने मरतो. बालरोगतज्ज्ञाने हा मृत्यू आपल्या चित्रपटात का घातला असेल, हे वेगळे सांगायला नको. औषधाची चिठ्ठी लिहून देता येते. चिठ्ठीवर कोरडे अंथरूण, दूध आणि घरी परतलेला बाप लिहून देता येत नाही. दवाखान्यात जे सांगता आले नाही ते डॉक्टरांनी पडद्यावर सांगितले. विन्याच्या बागांपासून या टेकड्या आठ-नऊ किलोमीटरांवर. हवा खायला आलेल्या माणसाला त्या रोज दिसत असत. त्या घरांत काय चालले आहे, ते पडद्यावरच दिसले.

हा मेळा अगदी गोडीगुलाबीने पार पडला, असे मात्र नाही. दिवस तापलेले होते. दोन वर्षांपूर्वी चे गेव्हारा बोलिव्हियात मारला गेला होता. चिलीत अध्यक्षपदाची निवडणूक वर्षावर आली होती. चित्रपट संपून चर्चा सुरू झाली, की ती पाहता पाहता कॅमेऱ्यावरून क्रांतीवर जायची. कोणी म्हणे, देश पेटला असताना छायाप्रकाशाच्या गप्पा कसल्या? कोणी म्हणे, आधी चित्रपट चांगला होऊ दे, मग त्याच्या हाती झेंडा द्या. हा वाद आपल्यालाही नवा नाही. कला की जीवन, यावर आपल्या साहित्यिकांनी किती शाई खर्च केली आहे! मला वाटते, डॉक्टरांच्या चित्रपटानेच त्याला आपले उत्तर दिले होते. त्यात एकही घोषणा नाही. रोग काय आहे तेवढे नीट पाहून, न घाबरता, सांगितले आहे.

१९७० च्या निवडणुकीत साल्वादोर आयेंदे निवडून आले. तेही पेशाने डॉक्टर आणि वाल्पाराइसोशी जुने नाते असलेले. लित्तीन सरकारी चित्रपट संस्थेचा प्रमुख झाला. फ्रान्सियांनी १९७२ साली एका धर्मगुरूच्या मनातल्या उलाढालीवर आपला दुसरा चित्रपट काढला. आणि मग ११ सप्टेंबर १९७३ ची पहाट उजाडली. लष्करी उठावाची पहिली हालचाल झाली ती वाल्पाराइसोतच. दिवस वर येण्याआधी आरमाराने बंदर ताब्यात घेतले होते. दुपारपर्यंत सान्तियागोत अध्यक्षांच्या वाड्यावर विमानांतून मारा झाला आणि आयेंदे तेथेच मरण पावले. जनरल पिनोचे यांचा अंमल सुरू झाला, तो १९९० पर्यंत.

विन्याचा मेळा बंद पडला. लित्तीन मेक्सिकोला गेला, रुइस पॅरिसला. फ्रान्सिया मात्र गाव सोडून गेले नाहीत. त्यांनी कॅमेरा ठेवून दिला आणि मुलांना तपासत राहिले. पुन्हा चित्रपट त्यांनी काढला नाही. त्याच सुमारास पात्रिसिओ गुस्मान या तरुण दिग्दर्शकाने आयेंदे राजवटीच्या शेवटच्या महिन्यांचे रस्त्यारस्त्यांवर चित्रण करून ठेवले होते. स्वीडनच्या वकिलातीच्या मदतीने त्याची रिळे गुपचूप बोटीवर चढवली गेली आणि देशाबाहेर निसटली. त्यांतूनच पुढे क्यूबात 'चिलीची लढाई' हा तीन भागांचा माहितीपट सिद्ध झाला.

१९८५ साली लित्तीन वेष पालटून, खोट्या कागदपत्रांवर चिलीत शिरला आणि लष्करशाहीच्या नाकाखाली चित्रण करून परत गेला. गाब्रिएल गार्सिया मार्केस यांनी त्या साहसावर पुस्तक लिहिले. त्याच्या सुमारे १५,००० प्रती १९८६ च्या नोव्हेंबरात वाल्पाराइसो बंदरात उतरल्या आणि सरकारच्या हुकमाने जाळून टाकण्यात आल्या. त्या बंदराने काय काय पाहावे! एकदा रिळे चोरून बाहेर गेली, एकदा पुस्तके उघड उघड जळाली.

१९९० साली लोकशाही परतली आणि त्याच वर्षी विन्यामध्ये डॉक्टर फ्रान्सियांनी पुन्हा मेळा भरवला. मधल्या एकवीस वर्षांत पांगलेली माणसे देशोदेशींहून आली. ज्यांनी १९६९ साली तावातावाने वाद घातला होता, त्यांचे केस आता पिकले होते. १९९६ साली डॉक्टर वारले. त्यांच्या नावावर पूर्ण लांबीचे चित्रपट दोनच. पण ज्याने इतरांना एकमेकांच्या ओसरीवर आणून बसवले, त्याचा हिशेब चित्रपटांच्या संख्येवर करू नये.

सगळेच मात्र परतले नाहीत. 'चिलीची लढाई' ज्याने आपल्या कॅमेऱ्याने टिपली, तो हॉर्हे म्युलर आणि त्याची प्रेयसी, अभिनेत्री कार्मेन ब्वेनो, ही दोघे तिशीच्या आतलीच. गुप्त पोलिसांनी त्यांना १९७४ साली सान्तियागोत पकडून नेले. त्यानंतर ती कोणाला दिसली नाहीत. त्यांची थडगीही नाहीत. त्यांना नेले तो दिवस २९ नोव्हेंबरचा. दिवाळीचे आकाशकंदील उतरवून ठेवल्यावर थोड्याच दिवसांत ही तारीख येते. चिलीमध्ये त्या दिवशी चित्रपट दिन पाळतात. एखाद्या पहिल्या बोलपटाचा किंवा एखाद्या थोर दिग्दर्शकाच्या जन्माचा दिवस त्यांना सहज निवडता आला असता. त्यांनी हा निवडला.