हजर!

पाचवी ते दहावी, रोज सकाळी आपण सगळ्यांनी एक शब्द न चुकता म्हटला: ‘हजर, सर!’ कोणी ओरडून, कोणी पुटपुटत, तर कोणी शेजारच्याच्याही नावाने. (कोण ते इथे लिहीत नाही.) आपलाच वाटणारा हा शब्द इंझोरीत फार लांबून आला आहे.

मूळ अरबी ‘हादिर’, म्हणजे समोर असलेला. त्यातला जड ‘द’ इराणी लोकांच्या तोंडी ‘झ’ झाला आणि फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे ‘हाजिर’, ‘हजर’ होऊन आला. वऱ्हाडावर मोगलांचा आणि पुढे निजामाचा अंमल होता. कचेरीतली फारसी अशीच हळूहळू गावात उतरली. गुजरातीत तो ‘हाजर’, तेलुगूत ‘हाजरु’. तुर्कीत ‘हाझिर’ म्हणजे तयार. आपण ज्याला हजरजबाबी म्हणतो, त्याला तुर्क ‘हाझिरजेवाप’ म्हणतात. इंडोनेशियात मात्र मूळचा ‘द’ टिकला. तिथली मुलं वर्गात ‘हादिर’ म्हणतात.

‘हुजूर’ही याच घरातला. आधी अर्थ नुसता समोर असणं, मग ज्याच्यासमोर उभं राहायचं तो धनी. पेशव्यांच्या खास घोड्यांची ती हुजूरपागा. त्याच जागी पुण्यात १८८४ साली मुलींची शाळा निघाली आणि नाव तेच राहिलं.

शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यात फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. ‘उपस्थित’ आपल्याकडेही आहेच, पण तो पाहुण्यांसाठी, भाषणात. वर्गात ‘हजर’च. ‘हजेरीपट’ तर अर्धा अरबी, अर्धा संस्कृत, आणि कोणाला खटकत नाही.

‘गैरहजर’ मात्र दोन्ही बाजूंनी अरबी. कापूस वेचणीच्या दिवसांत हा शब्द मुलींच्या नावापुढे जास्त पडायचा. माझ्या शेजारी बसणारी आठवीत दिवाळीनंतर आलीच नाही. काही दिवस सर तिचं नाव घेऊन क्षणभर थांबायचे. मग नाव घेणं बंद झालं, आणि तिच्या पुढचा नंबर माझा असल्याने मला ‘हजर’ जरा लवकर म्हणावं लागू लागलं.

मेळाव्यात हजेरी घ्यायची ठरली आहे असं कळलं. एक विनंती आहे: आमच्या तुकडीची यादी दहावीच्या पटावरून काढू नका, आठवीच्या काढा. ती इथून दोन गावं पलीकडे राहते. निरोप मी देते.