शॅतोब्रियाँ रस्त्यावरून कॅट रोडवर

१९१३. पॅरिसच्या शॅतोब्रियाँ रस्त्यावरच्या एका हवेलीत तुम्ही उभे आहात. घर उमरावाचं, पण या खोलीत चालते प्रयोगशाळा. नौदल सोडून आलेले मॉरिस द ब्रॉग्ली वाकून एक स्फटिक बसवताहेत. पुढे नोबेल मिळवणाऱ्या लुईचे हे थोरले भाऊ. हवेचा दाब नोंदणाऱ्या यंत्राचं घड्याळ त्यांनी या कामाला जुंपलंय. स्फटिक संथ फिरतो, प्रत्येक कोनात वेगळ्या तरंगलांबीचे क्ष-किरण परततात आणि छायाचित्रणाच्या काचेवर अख्खा वर्णपट उमटतो.

काच धुतल्यावर नीट बघा. रेषा आहेतच, शिवाय दोन ठिकाणी काळेपणा एकदम बदललाय. क्ष-किरण नळीतला धातू बदला, रेषा सरकतात. या कडा मात्र जागच्या हलत नाहीत. कारण काचेवरच्या लेपात आहे, त्यातल्या चांदीत आणि ब्रोमिनमध्ये. अणूच्या अगदी आतला इलेक्ट्रॉन ठरावीक ऊर्जा मिळाल्याखेरीज सुटत नाही. ब्रोमिनला त्यासाठी सुमारे साडेतेरा हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, चांदीला साडेपंचवीस हजार. काचेतला दोष समजून कुणीही या कडा सोडून दिल्या असत्या. मॉरिसनी त्यांची दखल घेतली, आणि मला त्यांचं मोठेपण त्यातच दिसतं.

आता ७१ वर्षं पुढे या. १९ फेब्रुवारी १९८४, इंदूर. होळकरांच्या सुखनिवासच्या परिसरात राष्ट्रपती झैलसिंग प्रगत तंत्रज्ञान केंद्राची, म्हणजे ‘कॅट’ची, कोनशिला बसवताहेत. लेसर आणि त्वरक इथे घडवायचे आहेत. संस्थापक संचालक म्हणून डॉ. दिलीप भवाळकर हे काम उभं करतील. १९९९मध्ये इथला इंडस-१ हा त्वरक सुरू होईल, पण त्याचा प्रकाश ब्रोमिनच्या कडेपर्यंत पोचणार नाही. त्याला इंडस-२ लागेल: १७२.५ मीटर परिघाचं कडं, अडीच अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टची ऊर्जा. इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे १७ लाख फेऱ्या घालतात आणि चुंबकांपाशी वळताना क्ष-किरण फेकतात. डिसेंबर २००५मध्ये हे यंत्र देशाला अर्पण झालं आणि संस्थेला अणुशास्त्रज्ञ राजा रामण्णांचं नाव मिळालं. तिथला कॅट रोड मात्र कॅट रोडच राहिला.

आज तुम्ही इंडस-२च्या नवव्या किरणरेषेवर आहात. शिशाच्या भिंतींच्या खोलीत लोहसंयुगाची दाबलेली चकती लावा, आत कुणी राहिलं नाही ना ते तपासा, दार बंद करा. आता सिलिकॉनचे दोन स्फटिक मोटरवर फिरू लागतात. पडद्यावरचा आलेख सपाट चालत येतो आणि ७,११२ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास उभा चढतो. मॉरिसनी पाहिली तशीच ही कडा, फक्त लोहाची. चकतीतलं लोह फेरस नसून फेरिक असेल, तर ती काही इलेक्ट्रॉन व्होल्ट पुढे सरकते. कडेपलीकडच्या बारीक लाटांवरून शेजारचा अणू किती लांब आहे तेही काढता येतं. त्या लाटा स्वच्छ मिळेपर्यंत तीच चकती पुन्हा मोजा. मग दुसरी लावा.