चौदा मृत्यू आणि ‘दुर्घटना’ नावाची पळवाट

भोर-वेल्ह्यातल्या वाडीवरचा पेशंट आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो, फारच झालं तर पुण्याला ससूनमध्ये. हातात दिलेली बाटली तो मुकाट पितो. या दोन तालुक्यांत काम करताना आम्ही हे नेहमी पाहतो आणि आम्हाला जे.जे. आठवतं.

1986 च्या सुरुवातीला मुंबईच्या सरकारी जे.जे. रुग्णालयात ग्लिसरीन पाजलेले 14 रुग्ण मेले. मेंदूवरचा, डोळ्यातला दाब उतरावा म्हणून ते देत. त्यात डायएथिलिन ग्लायकॉल हे कारखान्यात वापरायचं रसायन निघालं. किडन्या निकामी झाल्या. हे विष डॉक्टरी जगाला नवं नव्हतं. 1937 मध्ये अमेरिकेत त्यातच विरघळवलेल्या औषधानं शंभराहून अधिक माणसं मारली होती आणि पुढच्याच वर्षी तिथला औषध कायदा बदलला होता. म्हणजे ज्ञान 49 वर्षं जुनं होतं. कमी पडली ती नीतिमत्ता.

‘दुर्घटना’ म्हटलं की कुणी दोषी उरत नाही. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगानं ही पळवाट बंद केली. (1982 मध्ये सिमेंट प्रकरणात अंतुल्यांविरुद्ध निकाल देणारे तेच लेंटिन.) पुरवठादार, औषधखरेदी, रुग्णालयाचं प्रशासन, अन्न व औषध प्रशासन असा माग काढत आयोग थेट मंत्र्यांपर्यंत पोचला. आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावं लागलं.

बाबासाहेबांनी जातीला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं. प्रत्येकाच्या खाली कुणीतरी असतोच. कार्यालयांत दोषही असाच पायरी-पायरीनं खाली ढकलला जातो, असं आम्हाला वाटतं. खरेदीवाला तपासणीवाल्याकडे बोट दाखवतो, तो फाइलकडे. सगळ्यात खालच्या पायरीवर खाटेवरचा माणूस. सरकारी दवाखान्यात ती खाट कुणाची असते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

तरी आपल्या चळवळीत जे.जे.चं नाव निघत नाही. अत्याचार झाला की आपण तहसीलवर जातो, जायलाच हवं. पण औषधाच्या तपासणीसाठी मोर्चा निघालेला आम्ही पाहिला नाही. बुद्धांनी उपासकाला वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत विषाचा व्यापार आहे, हे वंदनेला बसणाऱ्या आपण तरी विसरू नये. 2022 मध्ये गांबियात सुमारे 70 मुलं दगावली, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेला भारतात बनलेल्या सिरपमध्ये हेच रसायन सापडलं.

मागच्या शिबिरात एका आजीनं बाटलीवरचा बॅच नंबर नातीकडून वहीत लिहून घेतला. औषध देणारा वैतागला, “आजी, कशाला हवंय तुम्हाला?”

“प्यायचंय मला,” आजी म्हणाली.