'मोअर बेटर' का चुकते?

शाळेत 'डिग्री बदला' हा प्रश्न अचूक सोडवणारे अनेक विद्यार्थी पुढे नोकरीच्या अर्जात 'मोअर बेटर' असे लिहून जातात. नियम पाठ असूनही ही चूक होते, कारण तिचे मूळ मराठीच्या घडणीत आहे.

मराठीत तुलना करताना विशेषणाचे रूप बदलत नाही. 'त्याच्यापेक्षा उंच' आणि 'सर्वांत उंच' या दोन्हींत 'उंच' तसाच राहतो. तुलनेचा भार 'पेक्षा' आणि 'सर्वांत' हे शब्द वाहतात. इंग्रजीत मात्र 'बेटर' या एका शब्दातच 'अधिक चांगले' हा अर्थ सामावलेला असतो. त्याआधी 'मोअर' जोडल्यास 'अधिक अधिक चांगले' अशी द्विरुक्ती होते.

ढोबळ नियम सोपा आहे. 'टॉल'सारख्या एका सिलॅबलच्या शब्दांना 'अर' आणि 'एस्ट' हे प्रत्यय लागतात: टॉलर, टॉलेस्ट. 'हॅपी'सारख्या 'वाय'ने संपणाऱ्या दोन सिलॅबलच्या शब्दांत 'वाय'चा 'आय' होऊन हॅपिअर, हॅपिएस्ट ही रूपे होतात. 'ब्यूटिफुल'सारख्या लांब शब्दांआधी 'मोअर' किंवा 'मोस्ट' येते. 'गुड, बेटर, बेस्ट' आणि 'बॅड, वर्स, वर्स्ट' ही अनियमित रूपे पाठच करावी लागतात.

'पेक्षा'चे सरसकट 'दॅन' करणे ही दुसरी चूक. 'सीनियर', 'ज्युनियर', 'सुपीरियर' हे शब्द लॅटिनमधून आलेले असून त्यांच्यापुढे 'टू' येते. तिसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. 'पुण्याचे हवामान मुंबईपेक्षा चांगले' हे मराठीत खपते. इंग्रजीत हवामानाची तुलना शहराशी होऊ नये, म्हणून 'दॅन दॅट ऑफ मुंबई' असे लिहावे लागते.

गंमत म्हणजे 'एस्ट' हा प्रत्यय मराठी वाचकांना अगदीच परका नाही. 'श्रेष्ठ', 'ज्येष्ठ', 'कनिष्ठ' या संस्कृत शब्दांतील 'इष्ठ' आणि इंग्रजीतील 'एस्ट' यांचे मूळ एकच आहे. 'श्रेष्ठ' म्हणजेच 'सर्वांत उत्तम'. पण प्रत्ययाचा हा अर्थ विसरला गेल्याने 'सर्वांत श्रेष्ठ' ऐकताना मराठी कानाला काही खटकत नाही. शेक्सपिअरच्या काळातील इंग्रजीतही अशी दुहेरी रूपे चालत असत. आजच्या प्रमाण इंग्रजीत मात्र ती चूकच ठरते. म्हणूनच 'मोअर' लिहिण्यापूर्वी 'अधिक' हा अर्थ पुढच्या शब्दात आधीच आला आहे का, एवढे पाहिले तरी पुरेसे आहे.