मुंडासे, घोंगडी आणि सूट

पुरुषाने चांगला पोशाख कसा करावा, हा प्रश्न वरकरणी शिंप्याचा वाटतो. आपल्या सामाजिक इतिहासात मात्र तो अनेकदा सत्तेचा प्रश्न ठरला आहे. कोणी काय ल्यावे, हे ठरवायचे कोणी? मावळच्या वाटेने या प्रश्नाकडे पाहता येते.

मावळात पाऊस मुबलक, जमीन चढउताराची आणि भातलावणी गुडघाभर चिखलातली. आखूड धोतर वा लंगोटी, डोईला मुंडासे आणि खांद्यावर घोंगडी हा इथल्या कष्टकऱ्याचा वेश या गरजांतून घडला. घोंगडी पावसात खोळ होते, थंडीत पांघरूण होते, पाहुणा आला की बैठक होते. कामाला साजेसे असणे, हाच या वेशाचा डौल.

१८५८ साली पुण्याहून खंडाळ्यापर्यंत आगगाडी आली आणि १८६३ साली बोरघाटातील लोहमार्ग खुला झाला. लोणावळे-खंडाळे हे मुंबईकरांचे हवा खाण्याचे ठिकाण बनत गेले. कोट-पाटलोण आणि घोंगडी एकाच फलाटावर येऊ लागली. अशा शेजाराबरोबर तुलना येते आणि तुलनेबरोबर ‘गावंढळ’ हा शब्दही येतो.

या शब्दाला सर्वांत ठसठशीत उत्तर दिले ते जोतीराव फुले यांनी. मार्च १८८८ मध्ये पुण्यात हरी रावजी चिपळूणकर यांनी ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ समारंभ योजला होता. भरजरी वस्त्रे आणि दागदागिने ल्यालेल्या त्या मंडळीत फुले शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि ही मंडळी म्हणजे खरा हिंदुस्थान नव्हे, असे त्यांनी राजपुत्राला सुनावले. फुले स्वतः ठेकेदारी केलेले, चांगले कपडे परवडणारे गृहस्थ होते. म्हणूनच तो वेश हा विचारपूर्वक केलेला युक्तिवाद होता.

परंतु ज्याला साधेपणाखेरीज दुसरे काही ल्यायची मुभाच नाही, त्याने काय करावे? ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ (१९३६) या निबंधात डॉ. आंबेडकरांनी इंदूर संस्थानातील बलाई समाजावर सवर्णांनी लादलेल्या नियमांची नोंद केली आहे. बलाई पुरुषांनी जरीकाठी पगडी बांधू नये, रंगीत वा नक्षीदार काठाचे धोतर नेसू नये, असे ते नियम होते. धोतराच्या काठावरही जिथे पहारा आहे, तिथे साधेपणाचा उपदेश क्रूर ठरतो. बाबासाहेबांचा नेटका सूट या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. याच मावळात, तळेगाव दाभाडे येथे, त्यांचे घर होते. गावोगावच्या पुतळ्यांतून त्यांचा तो निळा सूट आज समाजाच्या स्वाभिमानाची खूण झाला आहे.

घोंगडी आणि सूट ही दोन टोके खरी. पण दोन्ही वेशांनी एकच गोष्ट साधली. माझी किंमत माझ्या कपड्यावरून तुम्ही ठरवायची नाही, हे त्यांनी बजावले.

आज लोणावळ्याच्या लग्नकार्यांत पाहुण्यांना घटकाभरासाठी फेटे बांधले जातात. हौसेला हरकत नाही. मात्र त्याच फलाटावर मळके मुंडासे बांधलेला म्हातारा दिसला, तर आपली नजर कशी वळते? चांगल्या पोशाखाची परीक्षा कित्येकदा नेसणाऱ्याची नसून पाहणाऱ्याची असते.